दुखण्याचं इंग्रजी

ग्रेसी टीचर सिनेमा लावायच्या आणि त्यातला माणूस पडला की रिमोटने थांबवायच्या. सिनेमा कार्टूनचा. कुणी जिन्यावरून घसरलेला, कुणाचं नाक सुजलेलं, कुणी थंडीने कुडकुडणारा. तो पडद्यावर अडकलेला असताना त्या समोरच्या बायकांना विचारत, "काय होतंय याला? इंग्रजीत सांगा."

इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी दुपारी हा वर्ग भरे. चावी माझ्याकडे असल्याने मी दाराशी बसे. टीचर जवळच्या उत्तन गावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. समोरच्या सातही जणी घरोघरी म्हाताऱ्या माणसांना सांभाळत. त्या म्हाताऱ्यांची मुलं परदेशात, बहुतेक अमराठी; संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तब्येत सांगायची ती इंग्रजीत. त्यावरून औषध ठरे.

"खऱ्या सिनेमात माणसाला आतल्या आत दुखतं, बाय," टीचर म्हणत. "कार्टूनवाला काय लपवत न्हाय."

सगळ्याला 'पेन' म्हणायची बंदी होती. "ठणकतंय, टोचतंय का जळजळतंय? चुकीचा शब्द गेला, तं चुकीची गोळी येल."

"टीचर, आमचे हे रोज पिऊन पडतात, त्यांना काय म्हणू?" एकीने विचारलं.

"त्याला मराठीतच बोल. चांगलं कळंल."

बायका हसल्या. टीचर क्वचितच हसत. कुणाला शब्द अडेल म्हणून त्यांचा फोन कायम हातात असे. चर्चमध्ये मिस्साला जातानाही त्या आवाज बंद करत नसत.

एका मंगळवारी त्या आमच्याकडे आल्या असताना फोन वाजला. वर्गातली, राई गावची संगीता होती. ती एका मल्याळी आजोबांना सांभाळत असे. टीचरांनी स्पीकर लावला.

"टीचर, आजोबांचं तोंड एका बाजूला गेलंय. हातपन उचलत न्हाय. याला काय म्हणायचं? त्यांच्या पोरीला सांगायचंय."

टीचर उठून उभ्या राहिल्या. "शब्द सोड! दार उघड, शेजाऱ्यांना हाक मार. हॉस्पिटलला न्या."

"पण त्या बोलल्यात, आधी मला कळव..."

"मराठीत ओरड, बाय!"

आजोबा वाचले. उजवा हात मात्र लुळा राहिला. लवकर आणलं असतं तर फरक पडला असता का, हे डॉक्टर नक्की सांगू शकले नाहीत.

रविवारी टीचरांनी संगीताला विचारलं, "मला फोन करायच्या आधी किती वेळ गेला?"

ती खाली बघत म्हणाली, "सगळी कार्टून आठवून बघितली, टीचर. तोंड वाकडं झालेला कुणीच नव्हता त्यांच्यात."

त्या दिवशी टीव्ही लागला नाही. त्यांनी एकेकीला उभं केलं आणि कामाच्या घराशेजारी जो राहतो, त्याला नावाने हाक मारायला लावली. बंद दारातून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. टीचरांनी "अजून मोठ्याने" म्हटलं.

तिघींना शेजाऱ्यांची नावं ठाऊक नव्हती. वर्ग अर्ध्यावर असतानाच टीचरांनी त्यांना चपला घालायला लावल्या.

"जा. बेल वाजवा, नाव विचारा, मग या."