शेवटचा पत्ता

आज कोर्टाच्या बेलिफानं माझ्याच दारावर नोटीस डकवली. मला हे घर विकायचंय. पण ते माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणून मी त्याच्यावर दावा लावला; घटस्फोटानंतर तो कुठं गेला हे त्याच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नाही.

"अहो, पण इथं मी एकटीच राहते," मी म्हटलं.

"ताई, त्यांचा शेवटचा पत्ता हाच. माणूस सापडला नाही की नोटीस तिथंच लावायची." त्यानं खळ लावलेला कागद तळहातानं दाबला, मोबाईलवर फोटो काढला आणि पाणी पिऊन गेला.

कमालच आहे कायद्याची! मी ज्या दाराबाहेर रोज कचऱ्याची बादली ठेवते, ते दार कायद्याच्या लेखी अजून नवऱ्याची वाट बघतंय. मी तर वाट बघणं कधीच सोडलं होतं.

संध्याकाळी भाजी घेऊन जिना चढले. कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबून बसवला. त्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, कितीतरी दिवसांनी वाचलं.

किल्ली हातातच होती. तरी मी बेल दाबली, आणि दार उघडण्याची वाट बघत उभी राहिले.