येलदरीला जायचं राहिलं

धम्मपाल सर पालमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतात. दहा वर्षं झाली, अजून कायम झालेले नाहीत. बायको सुकेशनी पुण्यात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा 'सहा महिने बघू' असं ठरलं होतं. तेव्हापासून सकाळचा स्वयंपाक, निकिताच्या वेण्या, सम्यकची आंघोळ, दोघांची शाळा आणि मग स्वतःचे तास, सगळं सरांकडेच. वेण्या आता त्यांना बऱ्या जमतात. एक जरा जाड होते, एवढंच.

दिवाळीच्या सुट्टीत सुकेशनी चार दिवस येणार होती. ती सकाळी पालमला उतरली की लगेच सगळ्यांनी चारठाण्याला तिच्या आईकडे, धुरपताबाईंकडे जायचं. तिथली जुनी देवळं बघायची आणि दुसऱ्या दिवशी येलदरीचं धरण. सहा वर्षांच्या सम्यकला धरणाला दारं असतात हे कळल्यापासून त्यांची किल्ली कोणाकडे असते ही काळजी लागली होती. नऊ वर्षांच्या निकितानं बसमधल्या जागा वाटून टाकल्या होत्या. परभणीपर्यंत मम्मीजवळ सम्यक, तिथून पुढं ती.

आदल्या दिवशी दुपारी सर वाटेत खायला दशम्या करत होते, तेव्हा फोन आला.

"अवो, सुट्टी न्हाई मिळाली," सुकेशनीचा आवाज बसला होता. "डेंग्यूचे पेशंट लय वाढलेत. आमच्यातल्या दोघी सोताच आडव्या पडल्या. मॅडम म्हणल्या, आत्ता जाऊ नको."

"बरं," सर म्हणाले.

"लेकरायला तुमीच सांगा. मी बोलले तर माझ्यानं न्हाई राहवायचं."

तव्यावरची दशमी तोवर करपली होती. सरांनी ती बाजूला काढली आणि उरलेल्या पिठाच्याही करून टाकल्या. पीठ भिजवलेलं होतं, त्याचं दुसरं काय करणार?

मुलं बाहेरून खेळून आली तेव्हा सरांना खरं सांगायचा धीर होईना.

"उद्या बस बंद हायत म्हणतेत," ते म्हणाले.

निकिता हात धुता धुता थांबली. "मग मम्मी कशी येणार?"

सरांनी दशम्यांचा डबा उगाच उघडून परत लावला. निकितानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"मम्मीच येणार न्हाई ना?"

"न्हाई येणार. सुट्टी न्हाई भेटली तिला."

सम्यकनं उंबऱ्यातच अंग टाकलं. पायातला बूट भिरकावला, तो माठावर आदळला. "मला जायचंय! मला धरणावर जायचंय!"

"मी नेतो की. आपण तिघं जाऊ."

"तुमी न्हाई! मम्मी!"

बराच वेळ हेच चाललं. शेवटी सर ओरडले, "बास! लय झालं. मम्मी काय मजा मारायलीय का तिकडं?"

सम्यक दचकला. रडणं आत गेलं आणि त्याला उचक्या लागल्या. शेजारच्या कमलबाई दारात आल्या. "कशाला रागवायलात सर? खाऊ-बिऊ आणून द्या. लेकरू हाय, सकाळपर्यंत इसरल."

सरांनी मान डोलावली. कमलबाई गेल्या. आत निकिता पिशवीतले कपडे काढून एकेक करून परत कपाटात ठेवत होती.

"निकिता, राग आला का?"

"न्हाई."

"मग?"

"मला वाटलंच होतं."

सम्यकच्या आरडाओरड्यानं झालं नव्हतं ते या तीन शब्दांनी झालं. सर भिंतीला टेकून खाली बसले.

"मी बसचं खोटं बोललो. बोलायला नको होतं," ते म्हणाले. "मला बी लय वाईट वाटायलंय. मी बी वाट बघत होतो तिची."

सम्यकनं उचकी देत विचारलं, "तुमाला बी?"

"हां."

"मग तुमी रडत का न्हाई?"

"रडायला येळ कुठं हाय, बाबा."

निकितानं हातातला फ्रॉक तसाच ठेवला, बापाजवळ येऊन बसली आणि आता कुठे रडली. सरांनी तिला गप्प केलं नाही. अंधार पडायच्या सुमारास तिघांनी चटणीबरोबर दशम्या खाल्ल्या. सुकेशनीचा पुन्हा फोन आला तेव्हा सम्यक बोलायलाच तयार होईना. निकितानं फोन घेतला आणि विचारलं, "मम्मी, तू जेवलीस का?"

सुकेशनी तीन आठवड्यांनी आली, तीही दीड दिवसासाठी. सकाळी उतरली, दोघांना पोटाशी धरलं, आंघोळ केली आणि केस ओले असतानाच चटईवर झोपून गेली. कुठं जायचा विषय कोणी काढला नाही. निकितानं पंखा वाढवला. दहाच्या सुमारास कमलबाई भेटायला आल्या, तर सम्यक दोन्ही हात पसरून दारात उभा.

"मम्मी झोपलीय," तो हळूच म्हणाला. "तुमी नंतर या."

सर आत भाजी निवडत बसले होते. ते उठले नाहीत.