इंग्रजीतून इंग्रजीत

"उद्या पोरीला ताप आला, तर ती कण्हणार कुठल्या भाषेत?" भिंतीपलीकडून भावजयीचा आवाज आला आणि ताईच्या हातातली सुई थांबली.

"घरात इंग्रजीच बोलायचं. जग इंग्रजीवर चालतं," ताईचा धाकटा भाऊ म्हणाला.

"जग चालू दे की. मला माझ्या लेकीशी बोलता येत नाही, त्याचं काय?"

भाऊ कचेरीत टायपिस्ट. प्रत्येक नकलेखाली ‘ट्रू कॉपी’ टाइप करायचा, म्हणून गल्लीत त्याला ‘ट्रू कॉपी’च म्हणत. त्याचाच हट्ट चालला. भावजय पोरीशी हातवारे करत राहिली, आणि तशीच एक दिवस गेली.

लेक शिकली, परदेशी गेली, तिथलीच झाली. तिला मुलगी झाली. नात बोलायला लागली, आणि ट्रू कॉपीची पंचाईत झाली. तिचं इंग्रजी सुसाट, अर्धे शब्द पोटात. ह्याचं एकेक अक्षर ठोकून बसवलेलं. एकदा नातीने कंटाळून फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून लेक मध्ये बसायची, ह्याचं तिला सांगायची, तिचं ह्याला.

"काय करते रे ती मध्ये?" ताईने विचारलं.

"भाषांतर."

"कशातून कशात?"

त्याने चष्मा काढून पुसला. "इंग्रजीतून इंग्रजीत, ताई."

ताईला हसू फुटणार होतं. त्याचं तोंड बघून तिने ते गिळलं.

मग तो नातीशी फोनवर बोलेनासा झाला. दर बुधवारी पत्र टाइप करायचा. म्हणायचा, कागदाला उच्चार नसतात. पण चाळीस वर्षं कचेरीत मुरलेला हात. नातीच्या पत्रालाही वर ‘विषय’ आणि खाली ‘आपला आज्ञाधारक’.

"सात वर्षांच्या पोरीचा कसला रे तू आज्ञाधारक?"

"पत्र असंच असतं."

उत्तर एकदाही आलं नाही. "तिला वाटतं, शाळेची नोटीस आलीय," लेकीचं बोलणं तो स्वतःच हसत सांगायचा. ते हसणं ताईला बघवत नसे.

दुखण्याने तो खंगला. शेवटच्या बुधवारी ताई म्हणाली, "आज तरी तो ‘विषय’ गाळ. तुला काय वाटतं ते लिही."

त्याची बोटं मशीनवर नुसतीच टेकून राहिली.

"मला तसलं इंग्रजी येत नाही गं," तो म्हणाला, आणि विषय टाइप केला.

कार्बन कॉपी फाइलला लावली. काठी टेकत पोस्टात गेला, पाकिटाचं वजन करवलं, तिकिटं स्वतः चिकटवली. "आजच्या टपालात जाईल ना?" खिडकीवरच्या बाईला त्याने विचारलं. ती हो म्हणाली, तसा तो घरी आला.