टीव्हीतल्या लेकरांची मूठ

परवा इथं मस्कतला, आमच्या खोलीत कुणीतरी आंबेमोहर शिजवला, आणि त्या वासासरशी मी वेल्ह्याच्या घरी चुलीपुढं जाऊन बसलो.

भातलावणीचे दिवस होते. शाळा सोडून मी शेतात लागलो होतो. संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या टीव्हीवर परदेशातला गाण्याचा मोठा कार्यक्रम चालला होता. मैदानभर माणसं नाचत होती, आणि मधेच हाडं वर आलेली लेकरं दाखवत होते. काकूंचा कॉलेजातला पोरगा म्हणाला, "जगातल्या गरिबांसाठी हाय हे. आपल्यासारख्यांसाठीच."

"आपुन कशाचं गरीब?" आई म्हणाली. "घरचा भात हाय की."

गावच्या सप्त्याच्या जेवणासाठी आई रोज शिजवायच्या तांदळातली एक मूठ बाजूला काढायची. त्या दिवशी तिनं दुसरीही काढली. "ही त्या लेकरांची. पंगतीत कुणी उपाशी आलं, तर त्याच्या पोटात जाईल."

कणगीतला भात तळाला गेला होता. तरी दिवसभर चिखलात राबलेला मी दोनदा भात मागितला, आणि तिनं हसत वाढला. मग पातेल्यात पाणी घालून, खालची खरवड सोडवून, तेवढंच ती प्याली. "मला आज भूकच न्हाई बग," म्हणाली, आणि मी ते खरं मानून झोपायला गेलो.

तिच्या जिवावर मी आज इथवर आलो, पोटभर खातो. रोज फोनवर विचारतो, "आये, जेवलीस का?"

"व्हय, लई जेवले," ती म्हणते, आणि मला ते काही खरं वाटत नाही.