थिनरने पुसलेली लाल खूण

आज स्वतःचाच इतका राग आलाय, म्हणून इथे लिहितेय.

ह्यांना जाऊन चार महिने झाले. त्यांची जुनी छोटी गाडी मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली उभी आहे. मुलगा म्हणतो, "आई, भंगारात देऊन टाकू." मी म्हटलं, आधी नीट चालू करून बघू.

सकाळी मी थिनरने इंजिन लख्ख पुसलं. मग शेजारच्या सावंतभाऊंनी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा भाग, काढून साफ केला. परत बसवताना म्हणाले, "वहिनी, लाल खूण कुठाय?"

"कसली लाल?"

"अहो, दादांनी तुमच्याच नेलपॉलिशने केलेली! त्या खुणेवर बसवायचा असतो."

"तो डाग होय? मी घासून काढला."

"वाट लागली मग."

दोन तास तो भाग थोडाथोडा फिरवून बघितला. गाडी चालू होते आणि मिनिटभरात बंद पडते.

मेकॅनिक करून देईल, माहीत आहे. पण ह्यांनी इंजिनाला कान लावून ठरवलेली जागा गेली, आणि ती मीच घालवली.

चार महिने मी घरभर साफसफाईच करतेय. असं आणखी काय काय पुसून टाकलं असेल हो?