हातांवाचूनची चित्रं

आमचे थोरले भाऊजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि सुट्टीच्या दिवशी जाऊबाईंना खुर्चीत बसवून त्यांचं चित्र काढायचे. रीत ठरलेली. आधी चेहरा, मग कपडे, हात सगळ्यांत शेवटी. पण जाऊबाई एका जागी बसतील तर शपथ. हातांची पाळी येईपर्यंत दूध तरी उतू जायचं, नाहीतर दारावर कुणीतरी यायचं. त्या उठल्या की उठल्याच. भाऊजी मुकाट्याने ब्रश धुवायचे. अशी घरभर चित्रं झाली, पण हात एकातही नाहीत. मनगटापुढे नुसता कोरा कॅनव्हास. भाऊजी गेले, चित्रं राहिली.

त्यांची मुलगी नाचते. पायाला भिंगरी आईच्या, पण भिंगरी हे नाव पडलं लेकीला. तिचा नाच आजकालचा, जमिनीवर लोळण्याचा. गाणं असेलच असं नाही. यंदा तिने वडिलांच्या चित्रांवर नाच बसवला. नाट्यगृहात प्रयोग ठरला, म्हणून आधी आईला दाखवायला तिने घरातला पलंग भिंतीला सरकवला. मीही होते.

ती खुर्चीत बसली, हात मागे खुर्चीला कापडाने बांधलेले. उठायला जाई, खुर्चीसकट ओढली जाई, पुन्हा बसे. हात काही सुटले नाहीत.

"झालं?" जाऊबाईंनी विचारलं. "माझे हात कुणी बांधले होते गं?"

"आई, हे बाबांच्या चित्रांवर आहे. तुझ्यावर नाही."

"चित्रात मीच आहे ना, का शेजारीण? लोक म्हणतील, नवऱ्याने बायकोला डांबून ठेवलं होतं. अगं, मीच उठून जायचे."

"मग तू उठल्यावर बाबांनी हात का नाही काढले? रोज तुझ्या हातचं जेवत होते. पाट्यांवर न पाहिलेले घोडे काढायचे ते. तुझे दोन हात आठवले नसते?"

"जेवताना हात कोण बघतं," मी मध्ये बोलले, आणि सावरायला गेले ते आणखीच बिघडलं.

जाऊबाई उठून लेकीच्या मनगटांवरची गाठ चाचपू लागल्या. म्हणाल्या, "निदान शेवटी तरी सोड. मला बघवत नाही."

"बघते," भिंगरी म्हणाली.

प्रयोगाला जाऊबाई आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. मी अंधारात बसून देवाला एवढंच मागत होते की ती गाठ सुटू दे. सुटली नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही उभी राहिले, काय करणार.

परतले तेव्हा जाऊबाई दारातच होत्या.

"सोडले?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं, पण देवाला तोंड दाखवायचं असतं. "नाही," म्हटलं.

"बरोबर आहे तिचं," जाऊबाई म्हणाल्या.

चिडून म्हणाल्या असत्या तर मला हायसं वाटलं असतं. अगदी शांतपणे म्हणाल्या, आणि भाऊजींच्या फोटोकडे न बघता आत गेल्या.