सासऱ्यांचं टेनिस

माझे सासरे जागेश्वरराव टेनिस खेळतात, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलाची नोकरी, नागपूरच्या नंदनवन भागातलं घर, चुलत्यांचं ब्लडप्रेशर, सगळं सांगून झालं, एवढं मात्र राहिलं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी पंचावन्न वर्षांचा हा माणूस पांढरी हाफपँट घालून, कानाला मफलर बांधून आणि काखेत रॅकेट धरून माझ्यासमोरून बाहेर पडला. मी चहाची गाळणी हातात धरून बघत राहिले. आमच्या उमरेडला सासरे अशा अवतारात सुनेसमोरून जात नाहीत.

मी मयुरा. धंतोलीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर पेशंटच्या नातेवाइकांशी वाद घालून माझी जीभ घरी येईपर्यंत गरमच असते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे सून असून सासऱ्याबद्दल असं कसं लिहिते, असं मागाहून कोणी म्हणायला नको. लिहिते, कारण मला हा माणूस फार आवडतो.

सासरचं घर विणकरांचं, पण बाबा, म्हणजे माझे सासरे, मागावर कधी बसले नाहीत. तरुणपणीच ते कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागले. तिथल्या कोण्या साहेबाने स्वतःसाठी कँटीनमागे मातीचं टेनिस कोर्ट करून घेतलं होतं. दोन वर्षांत साहेबाची बदली झाली, कोर्ट तिथेच राहिलं आणि पहिल्या पाळीच्या चार-पाच जणांनी ते ताब्यात घेतलं. त्यात बाबा होते. पाळी तीनला सुटायची आणि बाबा घरी पोचायचे आठला. सुटीच्या दिवशीसुद्धा बस पकडून खेळायला जायचे. असं सव्वीस वर्षं चाललं.

त्या वर्षांत घरचा माग चालवला तो आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई पुष्पलता यांनी. धोटा फेकता फेकता त्यांनी माझ्या नवऱ्याचा, चंदनचा अभ्यास घेतला आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं. मी या घरात आले त्याच वर्षी माग मोडून खोली रिकामी झाली. तेव्हापासून आई मागच्या खोलीत टीव्हीसमोर बसून असतात. बाबांच्या खेळाचं नाव त्या घेत नाहीत. अगदीच बोलायची वेळ आली तर 'ते तुमचं तिकडचं' म्हणतात.

सहा वर्षांपूर्वी बाबा रिटायर झाले. कोर्टाच्या जागी शेड होणार होती, म्हणून तिथली सुताची जुनी जाळी त्यांनी मागून आणली. आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या मैदानात एक कोपरा सपाट केला, मुरूम दाबला, चुन्याच्या रेघा मारल्या आणि दोन लोखंडी खांब रोवले. उन्हाळ्यात नागपुरात टेनिस खेळणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर दुसऱ्या दिवशी सलाईनवर असतो. त्यामुळे आमचा मोसम दिवाळी ते होळी. चंदन खेळायला लागला, मग आमची नऊ वर्षांची रितिका. शेवटी मलाही ओढलं. माझा बॉल बहुधा शेजारच्या गच्चीवर जातो आणि तो आणायला जाताना मी चंदनवर ओरडते, एवढं माझं टेनिस.

आई मात्र त्या मैदानावर एकदाही आल्या नाहीत. घरापासून ते चार घरं लांब आहे.

यंदा दिवाळीला फराळाची ताटं समोर असताना बाबांनी जाहीर केलं, "या हिवाळ्यात घरातले पाचही जण कोर्टावर पायजे. संक्रांतीपर्यंत रितिकाची आजी नाई आली, तर मी रॅकेट मोहल्ल्यातल्या पोट्ट्यायले देऊन टाकतो. मंग माझा खेळ कायमचा बंद."

आम्ही तिघांनी दाराकडे पाहिलं. आई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "चकली वाढू काय आणखी?"

मग सुरू झाली आमची मनधरणी. आधी रितिका गेली. आई म्हणाल्या, गुडघे दुखतात. चंदन म्हणाला, नुसती खुर्ची टाकून ऊन खात बस. आई म्हणाल्या, मग भाजी कोण निवडीन? शेवटी मी गेले.

"आई, काहून नाही येत तुम्ही?"

"मले कोणी बोलावलं?"

"मी बोलावून राहिली ना."

"तू बोलावून राहिली, वं," म्हणत त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दारात आलेल्या माणसाचं दुखणं मी चेहऱ्यावरून ओळखते, अशी माझी दवाखान्यात ख्याती आहे. घरातलं मात्र तेव्हा मला कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

डिसेंबरच्या एका सकाळी बाबा कोर्टावर पाणी शिंपत होते आणि मी झाडत होते. ते आपणहून बोलायला लागले. "मयुरा, तुही सासू दिवसातून माझ्याशी दोन गोष्टी बोलते. जेवता काय, अन् गोळी घेतली काय. बाकी सगळं आयुष्य तिनं माझ्याबिगर काढलं. मले दुसरं काई येत नाई. खेळ येते. तोच तिले द्यावा म्हणतो."

"मग तुम्हीच जाऊन म्हणा ना बाबा. आमच्या हाती निरोप कायले पाठवता?"

"हिंमत नाई होत," बाबा म्हणाले आणि पाण्याची बादली भरायला निघून गेले. मला राग आला आणि वाईटही वाटलं. सव्वीस वर्षं लांबून सर्व्हिस करणाऱ्या माणसाला चार घरं चालत जाऊन बायकोशी बोलता येऊ नये.

जानेवारी लागला. जाळी जुनी, मधून लोंबायला लागली होती. तिची दुरुस्ती बाबांनी स्वतःच्या डोक्याने केली आणि तिथेच माशी शिंकली. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या सुताला भाताची पेज पाजतात, म्हणजे ते कडक होतं, तुटत नाही. आमच्याकडे त्याला पाजणी म्हणतात. बाबांनी लहानपणी घरासमोरच्या गल्लीत ती पाहिली होती. संक्रांतीला सहा दिवस असताना त्यांनी घरातल्या मोठ्या गंजात पेज शिजवली, त्यात तेल घातलं आणि एकट्याने अख्ख्या जाळीला ती कुंच्याने लावली. मग ती वाळायला खांबांवरच ताणून ठेवली आणि खुशीत घरी येऊन झोपले.

सकाळी आम्ही गेलो तेव्हा मोहल्ल्यातली तांबडी गाय शांतपणे जाळीपाशी उभी होती. मधली तीन हात जाळी गायब होती. चघळून टाकलेले सुताचे ओले बोळे खाली मुरुमावर पडले होते. गाईला काही झालं नव्हतं, उलट ती आणखी मिळेल या आशेने बाबांकडे बघत होती. बाबा मटकन खांबाशी बसले. "संपलं गा चंदन," एवढंच म्हणाले. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून हसवलं नाही.

रितिका धावत घरी गेली. मी तिच्या मागोमाग.

"आजी, गाईनं नेट खाल्लं!"

"गाय कायले नेट खाते, बाप्पा?"

"आजोबांनी त्याला भाताची पेज लावली होती."

आईंनी टीव्ही बंद केला. "पाजणी केली? त्या जाळीची? अन् एकट्यानं?" आणि त्या हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. पदर तोंडाला लावला, भिंत धरली, तरी थांबेना. डोळे पुसून त्यांनी शाल घेतली, चपला घातल्या आणि चालायला लागल्या. मी आणि रितिका तोंडात बोट घालून मागे.

मैदानावर पोचल्यावर त्या सरळ बाबांसमोर उभ्या राहिल्या. "पाजणीले अख्खं घर लागते. दोन जणं इकून, दोन जणं तिकून. अन् वाळेपर्यंत एक जण काठी घेऊन बसते, गाई हाकलाले. तुमच्या मायनं मले या घरात पहिलं काम तेच देलं होतं. तुमी घरी असते तर माहीत असतं."

बाबा मान खाली घालून ऐकत होते. आईंनी जाळीचं फाटलेलं टोक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "ही तर आपलीच गाठ आहे. सूत तुटलं का जोडतो ना, तीच." मग चंदनकडे वळून म्हणाल्या, "इतवारीतून सुताची दोरी आण. याच जाडीची. नायलॉन आणू नको."

पुढचे चार दिवस आई मैदानावर होत्या. सकाळचं ऊन आलं की त्या सतरंजीवर बसायच्या आणि जाळी मांडीवर घेऊन गाठी मारायच्या. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, चहा, त्यांची ब्लडप्रेशरची गोळी, सगळं तिथेच पोचवायचं काम माझ्याकडे आलं. बोटं इतकी झरझर चालायची की रितिका त्यांच्यासमोर पालथी पडून नुसती बघत राहायची. बाबा लांबून फेऱ्या मारायचे. जवळ यायचे, दोरीचं रीळ थोडं सरकवून द्यायचे आणि परत जायचे. मी दोनदा डोळ्यांनी खूण केली, आता बोला म्हणून. त्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. बांधलेल्याच होत्या.

भोगीच्या दिवशी सकाळी जाळी खांबांवर चढली. जुन्या सुतात नवा पांढरा तुकडा दिसत होता आणि ती तारेसारखी ताठ उभी होती. संक्रांत उद्यावर आली होती. रितिकाने आपली रॅकेट आईंसमोर धरली.

आईंनी ती घेतली नाही. "ज्याचा खेळ आहे, त्यानं बोलवावं."

 बाबा पलीकडच्या टोकाला होते. ते हळूहळू चालत जाळीपर्यंत आले. जाळीच्या अलीकडे आई, पलीकडे ते.

"मी तुले कधी विचारलंच नाई," बाबा म्हणाले.

"नाई विचारलं."

"तिथं मले कोणी काई मागत नव्हतं. घरी आलो का मायचं दुखणं, पोट्ट्याचा अभ्यास, तुहा माग. मी पळत होतो. खेळाचं नाव सांगून पळत होतो."

चंदन दुसरीकडे बघायला लागला. स्वतःच्या वडिलांच्या तोंडून असं कोणी कधी ऐकत नाही.

आईंनी जाळीवर हात ठेवला. "मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मले बी पळावंसं वाटे. रोज वाटे. पण मी कुठं पळू? तुमी तर आधीच गेलेले असायचे."

बाबांचे डोळे भरले. ते त्यांनी मफलरने पुसले, आमच्यासमोरच, लपवले नाहीत. मग नाक ओढत विचारलं, "आता खेळशीन काय माझ्यासंगं?"

आईंनी रितिकाच्या हातातून रॅकेट घेतली, पदर खोचला आणि पहिलाच बॉल इतक्या जोरात हाणला की तो मैदान ओलांडून रस्त्यापलीकडच्या मंदिराच्या ओट्यावर गेला. मी टाळी वाजवली. म्हटलं, चला, बॉल भलतीकडे घालवणारी आता मी एकटी नाही.

बाबा कौतुकाने म्हणाले, "मस्त. आता मी कसा टाकतो ते पाय."

"नाई," आई म्हणाल्या. "आज मी खेळतो. तुमी बॉल आणा."

बाबा गेले. त्या दिवशी दहा वाजेपर्यंत ते पळतच होते.